हे कुणी केलंय?

गेले काही महिने मला एक खोड लागली आहे. कुठलीही वस्तू हातात आली की मी विचारतो, "हे कुणी केलंय?" कुठल्या कंपनीने विकलंय ते नाही. कुणी केलंय, म्हणजे कुठल्या माणसाने. खुर्ची, पुस्तकाचं मुखपृष्ठ, मोबाईलवरचं अक्षर, भिंतीवरचं चित्र, काहीही. बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. आणि जेव्हा मिळतं तेव्हा त्याच्या मागे माझा अख्खा वीकएंड जातो. आई म्हणते, एवढी शोधाशोध स्थळांसाठी केली असतीस तर एव्हाना काम झालं असतं. असो!

तर मंडळी, आजचा विषय ही खोड आणि तिच्यातून तयार झालेलं एक मत. मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना वेळेत पळता येईल. करणाऱ्याचं नाव लिहिणं हे सौजन्य नाही. तो किमतीचा भाग आहे. नाव गाळलं तर आपण पूर्ण पैसे दिलेले नसतात.

सुरुवात आपल्या धंद्यापासूनच करू. विंडोज २००० बरोबर 'मंगल' नावाचा देवनागरी फॉन्ट आला. पुढची कित्येक वर्षं युनिकोडमधलं मराठी म्हणजे मंगल, असं समीकरणच होतं. सरकारी पत्रं, कॉलेजच्या नोटिसा, नातेवाइकांच्या ईमेल, सगळं त्यात. हा फॉन्ट केला र. कृ. जोशींनी. जन्म १९३६, मृत्यू २००८. उल्कासारख्या जाहिरात कंपनीत काम केलेला, मग आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये शिकवणारा माणूस. कवी, सुलेखनकार, अक्षरांचा वेडा. मी कॉलेजात सी शिकताना डेनिस रिचीचं नाव पाठ केलं होतं, व्हायव्हाला विचारतात म्हणून. ज्या माणसाच्या अक्षरात मी माझी मातृभाषा स्क्रीनवर पहिल्यांदा वाचली, त्याचं नाव मात्र मला पंचविशीनंतर कळलं. ते सिलॅबसमध्ये नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं, कारण अक्षर हे कुणीतरी 'करतं' असं डोक्यातच नव्हतं. आपल्याला वाटतं, अक्षर असतंच. नळाला पाणी असतं तसं.

मग एका शनिवारी 'मुक्ता' दिसला. आमच्या एका ॲपचा मराठी अवतार चालला होता आणि मजकूर कुठेतरी कोंडल्यासारखा दिसत होता. मी फॉन्ट बदलून बघत बसलो. मुक्ता लावला आणि स्क्रीनने जणू श्वास सोडला. हा मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचा फॉन्ट, गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी केलेला. त्याच मंडळींचा 'मोदक' आहे, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा. तो बघाच. अक्षरांची पोटं इतकी फुगलेली की आतली पोकळी जेमतेम उरते, पण तरीही वाचता येतं. नावाला जागतो अगदी!

इंग्रजी फॉन्ट करणाऱ्याला छोटी-मोठी मिळून बावन्न अक्षरं, अधिक आकडे आणि चिन्हं सांभाळायची असतात. देवनागरीत जोडाक्षरं धरून हे काम काही शे आकारांवर जातं. शिवाय मराठीचे हट्ट वेगळे. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा. हिंदीत त्यांची वळणं वेगळी. २००९ साली महाराष्ट्र शासनाने लिपीबद्दल जो निर्णय काढला त्यात हीच रूपं ठरवून दिली होती. आता गंमत अशी, की दोन्ही ल चा युनिकोड क्रमांक एकच. मग कुठला दाखवायचा हे मशीनला कसं कळणार? तर फॉन्ट करणाऱ्याने दोन्ही रूपं आत ठेवलेली असली, आणि आपण वेबपेजवर भाषा मराठी असं नीट सांगितलं, तर मराठी रूप समोर येतं. म्हणजे कुणीतरी तासन् तास बसून, फक्त तुमचा ल तुमच्यासारखा दिसावा म्हणून, एकेक वळण काढून ठेवलंय. आपण तो एक टॅग लिहायचा कंटाळा करतो. ही झाली आपली कृतज्ञता.

बरं, मुक्ता आणि मोदक फुकट आहेत. मुक्त परवान्याखाली कुणीही वापरावेत असे. म्हणून "चांगलं डिझाईन हे श्रीमंतांचे चोचले" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. पैसे नसतील तर नका देऊ. नाव तर घ्याल?

आता पुस्तकं. चेन्नईच्या तारा बुक्सचं 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' (२००६) मी एका मित्राच्या घरी पाहिलं. काळा, हाताने केलेला कागद. त्यावर एकेक रंग वेगळा, हाताने स्क्रीन प्रिंट केलेला. पान उलटताना शाईचा वास येतो आणि बोटाला रंगाची जाडी लागते. चित्रं भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या गोंड चित्रकारांची. झाडं दिवसा आपल्यासाठी राबतात आणि रात्री ती काय होतात, याची चित्रं. या पुस्तकाला २००८ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक जत्रेत पुरस्कार मिळाला. हे सगळं मला नंतर कळलं. आधी मी फक्त एका झाडाकडे दहा मिनिटं बघत बसलो होतो आणि मित्र चहा गार होतोय म्हणून ओरडत होता.

भज्जू श्याम यांची गोष्ट तर कुणाही ऑनसाइट गेलेल्या माणसाने वाचावी अशी. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचा हा माणूस. भोपाळमध्ये रात्रपाळीचा वॉचमन होता. काका जनगढसिंह श्याम यांनी त्याला चित्रात ओढलं. पुढे लंडनच्या एका रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला बोलावणं आलं आणि परतल्यावर त्यातून 'द लंडन जंगल बुक' (२००४) झालं. त्यात बिग बेनचं घड्याळ म्हणजे कोंबडा, कारण गावात वेळ कोंबडा सांगतो. जमिनीखालची ट्यूब म्हणजे गांडूळ. रोज ठरल्या वेळी येणारी बस म्हणजे इमानी कुत्रा. आपण ऑनसाइट जातो आणि टॉवर ब्रिजसमोर उभे राहून फोटो काढून येतो. हा माणूस गेला आणि त्याने अख्खं लंडन आपल्या भाषेत आणलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हे एवढं लांबवून सांगण्याचं कारण आहे. लोककलेबद्दल बोलताना एक ठरलेला युक्तिवाद येतो. "अरे, ती तर सगळ्या समाजाची परंपरा. त्यात एका माणसाचं नाव कसलं?" परंपरा समाजाची, मान्य. पण ट्यूबचं गांडूळ परंपरेत नव्हतं. ते एका माणसाला, एका प्रवासात दिसलं. भाषा सगळ्या मराठी माणसांची आहे म्हणून तुकारामांच्या अभंगांवरचं त्यांचं नाव आपण खोडत नाही ना?

दुसरं पुस्तक 'भीमायन', २०११ चं, नवयान प्रकाशनाचं. डॉ. आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधल्या आठवणींवरचं चित्रमय पुस्तक. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. सातारहून गोरेगावला वडिलांना भेटायला निघालेली मुलं, मसूरच्या स्टेशनवर जात कळल्यावर बदललेला स्टेशनमास्तर, दुप्पट भाडं देऊनही स्वतःच हाकावी लागलेली गाडी. प्रसंग आपल्यातल्या अनेकांना माहीत असतो. पण या दोघांनी तो कसा मांडलाय ते बघा. कॉमिक्सला चौकटी असतात, आपण चौकटीतून चौकटीत उड्या मारत वाचतो. यांनी चौकटी नाकारल्या. माणसांना डब्यात कोंबायचं नाही म्हणून. गोंड घरांच्या भिंतीवर 'डिगना' नावाची नक्षी काढतात, तीच पानभर वळवत नेऊन प्रसंग वेगळे केले. आणि संवादाचे फुगे! प्रेमाने किंवा सोसलेपणाने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी.

मी यूआयचं काम करतो. युजरला एक गोष्ट शब्दांशिवाय कळावी म्हणून आम्ही तीन-तीन मीटिंगा घेतो. ही नांगी बघितली आणि वाटलं, झालं की. वाचण्याआधीच कळतं की आता लागणार आहे. याला मी डिझाईन म्हणतो. नंतर वरून फासायचा रंग म्हणजे डिझाईन नव्हे. काय सांगायचंय त्यातूनच आकार ठरतो.

आणि हे फक्त दुसऱ्यांकडेच आहे असं नाही हां. घरी आजोबांच्या कपाटात जुने दिवाळी अंक आहेत. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं, वसंत सरवट्यांची चित्रं. सरवटे (१९२७–२०१६) पेशाने सिव्हिल इंजिनिअर होते, नोकरी सिमेंट कंपनीत. त्यामुळे "आपण टेक्निकल माणसं, आपल्याला कलेतलं काय कळतं" हे जे आपल्यात बोललं जातं, ते कृपा करून बंद करा. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या नावांची अक्षरं काढली. मराठी माणूस पेपरातल्या जाहिरातीवर नजर टाकून, नाटक कसल्या जातीचं आहे हे अक्षरांच्या वळणावरून ओळखायचा. त्या काळातल्या वाचकांना ही नावं ठाऊक होती. मुखपृष्ठ कुणाचं, हे अंक चाळताना लोक बघायचे. म्हणजे ही सवय आपल्याला होती आणि मध्येच कुठेतरी सुटली.

आता फर्निचर. हा विषय निघाला की मित्रमंडळी जरा सावध होतात, कारण सगळ्यांचे नवे फ्लॅट, सगळ्यांचे हप्ते.

चंदीगडच्या खुर्चीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे १९५१ ते १९६५ चंदीगडमध्ये राहिले. शहर उभं राहत होतं, कचेऱ्यांना फर्निचर लागणार होतं. त्यांनी आणि त्यांच्या भोवतीच्या मंडळींनी सागवान आणि वेत वापरून खुर्च्या केल्या. पाय उलट्या व्ही सारखे, बैठक वेताने विणलेली. आपल्या सुताराला बनवता येईल आणि उन्हाळ्यात पाठीला वारा लागेल अशी साधी, सरकारी खुर्ची. कारकून तिच्यावर बसले, साहेब बसले. मग वेत फाटला, फोम आणि चाकांच्या खुर्च्या आल्या, आणि या खुर्च्यांचे ढीग गच्च्यांवर पडले. भंगाराच्या भावात लिलाव झाले. ज्यांना त्यांचं मोल कळत होतं ते परदेशी डीलर त्या घेऊन गेले आणि युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत त्याच खुर्च्या लाखांत विकल्या गेल्या. पाठीवर रंगाने लिहिलेला खात्याचा नंबर, जो आपल्याला कळकट वाटत होता, तोच तिकडे अस्सलपणाचा पुरावा ठरला. २०११ मध्ये केंद्र सरकारने हा वारसा जपण्याचा आदेश काढला, तोवर बरंच गेलं होतं.

ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, बघा, भारतीयांना किंमत नाही. मला त्यात आणखी एक टोचतं. लिलावात नाव जानरेंचं येतं, ते यायलाच हवं. पण ज्या सुतारांनी त्या हजारो खुर्च्या प्रत्यक्ष घडवल्या, त्यांची नावं जवळजवळ कुठेच येत नाहीत. म्हणजे ज्या वस्तूला नाव मिळालं, तिलाही अर्धंच मिळालं.

"ठीक आहे रे, पण स्वस्तातल्या वस्तूला कोण नाव देत बसणार?" असं कुणी म्हणेल. तर आयकिया घ्या. नवी मुंबईचं दुकान २०२० मध्ये सुरू झालं, आपण सगळे तिथे जाऊन आलोय. तिथल्या कित्येक वस्तूंच्या माहितीत डिझायनरचं नाव असतं. 'बिली' हे पुस्तकांचं कपाट १९७९ पासून विकलं जातंय, ते गिलिस लुंडग्रेनचं. जगभर ढिगाने विकल्या जाणाऱ्या, स्वतः स्क्रू पिळून जोडायच्या कपाटाला नाव असू शकतं. मग आपल्या तीन लाखांच्या मॉड्युलर किचनला का नाही?

मी स्वतः पुस्तकांचं शेल्फ सुताराकडून करून घेतलं. त्यात थोर काही नाही. खर्च ऑनलाइनपेक्षा जास्त आला आणि तीन आठवडे जास्त लागले. पण फळीची जीभ खाचेत कशी बसते ते मी उभं राहून बघितलं, आणि शेवटी काकांना म्हटलं, मागच्या बाजूला तुमचं नाव लिहा. ते आधी हसले. मग पेन्सिलने नाव, गाव आणि तारीख लिहिली, आणि पुन्हा एकदा सगळे सांधे हलवून बघितले. नाव लिहिल्यावर बघितले, हे लक्षात घ्या! पावसाळ्यात खालचं दार फुगलं तेव्हा फोन कुणाला करायचा हे मला माहीत होतं. ते आले, रंधा मारला, चहा प्यायले, गेले. आपल्याकडे गिट ब्लेम असतं ना? कोडची कुठली ओळ कुणी लिहिली ते सांगणारं. नाव कमांडचं भांडखोर आहे, पण उपयोग भांडायला नसतो. ज्याने केलंय त्याला विचारता यावं यासाठी असतो. माझ्या शेल्फाला आता गिट ब्लेम आहे :)

इथवर सगळं गोड झालं. आता कडू.

आमच्या सोसायटीचा दरवर्षी दिवाळी अंक निघतो. छोटासाच, पण निघतो. यंदा मुखपृष्ठ वारली पद्धतीचं करायचं ठरलं. मी पालघरकडच्या एका तरुण वारली चित्रकाराशी बोललो. त्याने बारा हजार सांगितले. समितीत शांतता पसरली. मग एकाने मोबाईल काढला, एआयला दोन ओळी सांगितल्या आणि मिनिटभरात चित्र हजर! "हे बघ. फुकट. आणि किती छान आलंय."

छान आलंही होतं, खोटं कशाला बोला. त्रिकोणांची माणसं, गोल फेर, मध्ये वादक. फक्त वादकाच्या हातात तारप्याऐवजी सनईसारखं काहीतरी होतं. मी ते दाखवलं तर उत्तर आलं, "एवढं कोण बघतंय?" हेच ते वाक्य, ज्याने चंदीगडच्या खुर्च्या गच्चीवर गेल्या.

वारलीत लग्नाचा चौक सवाशिणी काढतात, तांदळाच्या पिठाने, आणि त्यात पालघाट देवी असते. ते चित्र काढल्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा मशे यांनी सत्तरच्या दशकात हे चित्र विधीच्या बाहेर आणलं, रोजच्या जगण्याची चित्रं काढली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये गेले. मशीनने दिलेलं ते 'छान' चित्र अशा शेकडो हातांच्या कामातून शिकलेलं आहे. त्यातला एकही हात त्या चित्राखाली सही करू शकत नाही.

"पण त्याला प्रसिद्धी मिळेल, कमी पैशात करू दे," असंही एक मत आलं. मी विचारलं, अप्रेझलमध्ये मॅनेजर म्हणाला की यंदा पगारवाढीऐवजी प्रसिद्धी देतो, तर चालेल का? यावर सगळे हसले. पण समितीतले आम्ही निम्मे आयटीवाले आहोत आणि आमचं हसू जरा लवकर थांबलं. कारण आमच्याच टीममधले दोघे या वर्षी बेंचवर गेलेत. त्यांचं काम आता एक टूल करतं, आणि ते टूल लाखो प्रोग्रामरांनी मोकळेपणाने ठेवलेल्या कोडवर शिकलंय. तेव्हा कुणीतरी, कुठल्यातरी मीटिंगमध्ये, "फुकट आहे आणि छान आलंय" असंच म्हटलं असणार.

मी एआयच्या विरोधात नाही. रोज वापरतो, उद्याही वापरणार. पण आपल्याच जगातला एमआयटी लायसन्स आठवा. इतका उदार परवाना की कोड घ्या, बदला, विका, काहीही करा. जवळजवळ एकच अट, मूळ कर्त्याच्या नावाची ती नोटीस काढू नका. सगळं देऊन टाकणारा माणूससुद्धा नाव मागतो. मग बारा हजार मागणाऱ्या चित्रकाराने नाव आणि मोल दोन्ही मागितलं तर त्यात जास्त काय आहे? आम्ही फराळाच्या पाकिटांवर याहून जास्त खर्च करतो, आणि त्यातल्या चकल्या दरवर्षी मऊ असतात.

मंगळवारी समितीची पुढची बैठक आहे. मतं मोजली जातील. माझ्या बाजूला सध्या तीन जण आहेत, समोर सहा. बारा हजारांतले चार मी माझ्याकडून देईन म्हटलंय, म्हणजे निदान पैशाचं कारण तरी लंगडं पडेल. पाचवं मत मिळवायला अजून दोन दिवस आहेत. आमच्या मजल्यावरच्या एक काकू अजून काठावर आहेत. त्यांना 'भीमायन' वाचायला नेऊन दिलंय.

आणि हरलोच तर एक मागणी मात्र मान्य करून घेणार आहे. अंकाच्या पहिल्या पानावर मुखपृष्ठ कुणी केलं ते छापायचं. यंत्राने केलं असेल तर यंत्राने, असं स्वच्छ लिहायचं. म्हणजे पुढच्या वर्षी अंक चाळताना कुणा लहान पोराने विचारलं, हे कुणी केलंय, तर त्याला खरं उत्तर मिळेल.